पाखाडी उतरणारी खुर्ची

मयेकर सरांना शंका विचारायची पूर्ण मोकळीक होती. उत्तर तेवढं मिळत नसे. लेथवरचा रॉड थरथरतोय, टूल किंचाळतंय, पोरगं घाबरून विचारतंय, ‘सर, हे असं का होतंय?’ आणि सर दोन्ही हात पाठीमागे बांधून, देवळात आरतीला उभं राहावं तसे गंभीर उभे. मग हनुवटीने लेथकडे खूण करायचे. ‘मला काय विचारतोस? त्याला विचार.’

त्याला म्हणजे मशिनला. सरांच्या मते अख्ख्या वर्कशॉपात खोटं न बोलणारा तो एकटाच होता.

रत्नागिरीतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर मेकॅनिकल शिकवायचे. डॉक्टरेट होती, पण केबिनच्या पाटीवर नुसतं ‘अ. वि. मयेकर’. उंच, सडपातळ माणूस. शर्ट कायम खोचलेला आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलची छोटी पट्टी. ही पट्टी ते कुणाला देत नसत आणि स्वतः तिने काही मोजत नसत. ‘मग ठेवता कशाला सर?’ असं आमच्यातल्या एकाने धीर करून विचारलं होतं. सर म्हणाले, ‘तुझ्या खिशात काय आहे?’ मोबाइल होता. पुढे कुणी विचारलं नाही.

मी त्यांचा विद्यार्थी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील मुंबईला एका गोदामात कामाला आणि पालीच्या पुढे आत आमचं गाव आहे, तिथली शेती आई बघायची. मी इंजिनिअर झालो, पुढे आणखी शिकलो आणि आज त्याच कॉलेजात शिकवतो. हे मी कुठेही मोठ्याने सांगतो. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगतो.

पण पहिल्या महिन्यात सर मला मुळीच आवडले नव्हते. माझी समजूत अशी की मास्तर म्हणजे सांगणारा माणूस. हे तर काही सांगतच नाहीत! गावी गेल्यावर आईकडे कुरकुर केली, ‘आई, ते सर काही शिकवत नाहीत.’

आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘मग दिवसभर तिथे करतोस काय रे?’

‘लोखंड घासतो.’

‘मग झालं की. रोज घासतोस ना? येईल.’

घासणं खरंच चाललं होतं. सर पहिल्या वर्षाला प्रत्येकाच्या हातात लोखंडाचा एक वेडावाकडा तुकडा देत आणि कानशीने त्याची कड काटकोनात आणायला सांगत. कड झाली की तिला काटकोन तपासायचा गुण्या लावायचा आणि तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. सर लांबूनच विचारणार, ‘मधून उजेड दिसतो?’

‘थोडासा दिसतो सर.’

‘थोडासा नसतो. एकतर दिसतो, नाहीतर दिसत नाही.’

की परत घासा. माझ्या तळहाताला फोड आले, फुटले, तिथली कातडी जाड झाली. ज्या दिवशी उजेड दिसला नाही त्या दिवशी मी वेड्यासारखा खिडकीसमोर उभाच राहिलो. सर शेजारून गेले. ‘आता कळलं ना?’ एवढंच म्हणाले. काय कळलं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण कळलं होतं हे नक्की.

अलीकडे कॉलेजांमधून ‘कृतीतून शिक्षण’ हा मोठा शब्द झालाय. परिपत्रकं येतात, फोटो काढून पाठवावे लागतात. मी नोकरीला लागलो त्या वर्षी आम्हा प्राध्यापकांसाठी बाहेरून एक प्रशिक्षक बोलावले होते. त्यांनी आमचे गट पाडले, प्रत्येक गटाला जुनी वर्तमानपत्रं आणि चिकटपट्टी दिली आणि सांगितलं, सर्वांत उंच मनोरा करा. वयस्कर प्राध्यापक पँटी सावरत जमिनीवर बसले आणि कागदाच्या सुरळ्या करू लागले. मयेकर सर उभेच.

‘सर, सहभागी व्हा ना,’ प्रशिक्षक हसून म्हणाले.

‘होतो की. हा मनोरा कुणाला हवाय?’

‘कुणाला म्हणजे? ही ॲक्टिव्हिटी आहे सर.’

‘ती कळली. पण पडला तर कुणाची पंचाईत होणार आहे?’

‘कुणाचीच नाही. तीच तर गंमत आहे!’

सरांनी मान डोलावली आणि ते खुर्चीवर जाऊन बसले. चेष्टा करत नव्हते, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. ज्याची कुणाला गरज नाही आणि जे पडून कुणाचं अडत नाही, त्यातून माणूस काय शिकणार, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्यांच्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचा तर पहिली अट हीच असायची. ती वस्तू हवी असलेलं एक जिवंत माणूस शोधून आणा. त्याचं नाव सांगा. वस्तू त्याच्या हातात चालली तर पास.

पोरं माणसं शोधून आणत. काजू फोडून बोटं काळी झालेली बाई, होडीचं इंजिन एकट्याने उचलणारा म्हातारा, असे कितीतरी. पण एक गट दरवर्षी असा असे, ज्याला माणूस शोधावं लागत नसे. सर स्वतः विषय देत. विषय ठरलेला: पाखाडी उतरणारी खुर्ची.

माणूसही ठरलेलं. सुलभाकाकू. सरांची बायको.

पाखाडी म्हणजे आमच्याकडची जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यांची वाट. सरांचं घर अशाच एका पाखाडीच्या अगदी वरच्या टोकाला आहे. खाली डांबरी रस्ता, वर घर, मध्ये या पायऱ्या. दुसरी वाट नाही. एका पावसाळ्यात शेवाळावरून काकूंचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरात वॉकर घेऊन त्या फिरू लागल्या, स्वयंपाकही करू लागल्या, पण पाखाडी कायमची बंद झाली.

तुम्ही म्हणाल, चार माणसांनी उचलून खाली नेलं असतं. ऑपरेशनच्या वेळी तसंच नेलं होतं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, दोरीने बांधून. परत आल्यावर काकूंनी सांगून टाकलं, ‘पुन्हा कुणी मला उचलायचं नाही. उचलून न्यायचं ते एकदाच, शेवटी.’ मग सरांनी खाली भाड्याने जागा बघितली. त्यालाही नाही. ‘पडले मी, आणि शिक्षा घराला का?’

तेव्हा आता खुर्चीच. काकूंनी जिच्यात आपल्या मर्जीने बसावं आणि कुणी न उचलता खाली यावं अशी. सर ती स्वतः एका सुट्टीत करू शकले असते, असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. मी सहकारी झाल्यावर एकदा त्यांना तसं विचारलंसुद्धा.

सर म्हणाले, ‘मी केली तर ती बसेल रे. पण माझ्यावर भरवसा ठेवून बसेल. भरवसा खुर्चीवर असायला हवा.’ थोड्या वेळाने आणखी एक वाक्य जोडलं, ‘आणि पोरांनी काय करायचं मग?’

हा विषय पहिल्यांदा मिळालेला गट आमचाच. मापं घ्यायला आम्ही चौघे ऐटीत पाखाडीच्या तळाशी गेलो. टेप लावला, पायरीची उंची घेतली, रुंदी घेतली. सर बाजारातून मासळीची पिशवी घेऊन येत होते. थांबले. ‘मोजताय? मोजा,’ म्हणाले आणि वर निघून गेले.

आम्ही त्या मापावर तीन-तीन चाकांचे जोड बसवलेली खुर्ची केली. कॉलेजच्या जिन्यावरून ती अशी टकटक उतरायची की आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. मग ती सरांच्या घरी वर चढवली, तांदळाचं पोतं बसवलं आणि सोडली. तिसऱ्या पायरीला चाकं अडकली ती अडकलीच. कारण आम्ही मोजली होती ती सर्वांत खालची पायरी, आणि अख्ख्या पाखाडीत सिमेंटने नवी बांधलेली तेवढी एकच होती! जांभ्याच्या पायऱ्या कुणी साच्यातून काढलेल्या नसतात. एक उंच, एक ठेंगणी, एक पावसाचं पाणी जावं म्हणून बाहेर कललेली, एक कित्येकांच्या पायांनी मधोमध खोलगट झालेली.

‘सर, तुम्ही बघितलं होतं आम्हाला मोजताना,’ मी रडकुंडीला येऊन म्हणालो.

‘हो.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. आता तुला माहीत आहे.’

पडवीतून काकूंचा आवाज आला, ‘अहो, आधी त्या पोरांना वर बोलवा. सोलकढी केलीय. नापास करायचं ते पोटात काहीतरी गेल्यावर करा.’

पुढे मी शिक्षक म्हणून दरवर्षी त्या घरी जाऊ लागलो. अंगणात अडलेल्या खुर्च्या जमत गेल्या. सर एकही टाकू देत नसत. एकीवर आमसुलं वाळत, एकीत तुळशीची कुंडी, आणि आमच्या तीन-तीन चाकांच्या खुर्चीत शेजारच्या आबांची कोंबडी अंडी घालायची. काकूंना मुलं नावाने आठवत नसत, खुर्चीवरून आठवत. माझी ओळख ‘अडकलेला’. एका वर्षीचे ‘रहाटवाले’, कारण त्यांनी फणसाच्या झाडाला दोर लावून खुर्ची विहिरीत बादली सोडावी तशी सोडली होती. आणि एका वर्षीचे ‘घसरगुंडीवाले’.

या घसरगुंडीची हकीकत अशी. पोतं नीट उतरलं की पुढची चाचणी सर स्वतः द्यायचे. नियमच होता त्यांचा. शर्ट नीट खोचून, मांडीवर कॉलेजची बॅग घेऊन, फोटोला बसावं तसे बसायचे. त्या दिवशी पायऱ्या किंचित ओल्या होत्या. खुर्चीच्या ब्रेकचा पट्टा सुटला, सर गेले ते थेट आबांच्या अळूच्या वाफ्यात. सगळी पोरं पांढरीफटक. आबा ओट्यावरून उठून बघायला लागले. वरून काकू ओरडल्या, ‘अहो, लागलं का?’ आणि सर हलतायत हे दिसल्यावर, ‘येताना चार पानं घेऊन या, फतफतं करते.’

सर उठले. चष्मा शोधला, पुसला, डोळ्यांवर चढवला. ‘निरीक्षण लिहा,’ म्हणाले. ‘पट्टा ओल्यात धरत नाही.’

हसलो आम्ही. नंतर हसलो. पण एक गोष्ट मला तेव्हाही टोचायची. खुर्ची फसली की सर पोरांना अगदी न्यायाने गुण देत, एक कमी नाही, एक जास्त नाही. आणि मग पडवीच्या पायरीवर टेकून खालच्या रस्त्याकडे बघत बसत. त्या फसण्याचं त्यांच्या घरात काय होत असेल ते कुठल्याच गुणपत्रिकेत येत नव्हतं.

सर तसे माणसांत मिसळत नसत. लग्नाची आमंत्रणं, सहली, वर्धापनदिनाचं जेवण, कशाला येत नसत. ‘सरांना माणसं चालत नाहीत, मशिनं चालतात,’ असं स्टाफरूममध्ये बोललं जायचं. मीही ते खरं धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी सरांची निवृत्ती आली. पुढच्या वर्षापासून प्रोजेक्ट संगणकावरच सिम्युलेशन करून दाखवायचे असंही ठरलं. जागा कमी लागते, कुणाला इजा होत नाही, कारणं सगळी वाजवी होती. मेकॅनिकलला मुलंही कमी झालीत. म्हणजे खुर्चीचा हा शेवटचा गट. यांना जमलं नाही तर काकू वरच राहणार, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

गटात दोघंच उरले होते. श्रद्धा घाग, संगमेश्वराकडची, कमी बोलणारी. आणि ओंकार, कोल्हापूरकडचा, तिच्या वाटणीचंही बोलणारा. त्यांनी खडीच्या क्रशरवरचा जुना रबरी पट्टा मिळवला आणि रणगाड्याला असतात तसे दोन पट्टे खुर्चीखाली बसवले. मागे दांडा, दांड्याला ब्रेक. पाखाडीची प्रत्येक पायरी त्यांनी वेगळी मोजली. पोतं उतरलं. सर उतरले, बॅगेसकट. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर मुद्दाम पाणी ओतून पुन्हा उतरले.

‘विषय हार्ड हाय सर!’ ओंकारचा आनंद पाखाडीभर घुमला. ‘आता हत्ती बसवा हत्ती!’

‘हत्ती म्हणजे मी काय रे?’ पडवीतून काकू.

ओंकारने जीभ चावली. श्रद्धा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसली.

काकूंनी साडी बदलली होती. केसात अबोलीचा वळेसर होता. वॉकर बाजूला ठेवून त्या खुर्चीत बसल्या. ओंकारने दांडा धरला, खुर्ची पहिल्या पायरीच्या काठावर आली आणि पुढे कलली.

काकू घाबरून एकदम पुढे झुकून उठायलाच गेल्या. दोन्ही पाय ताठ झाले, हातांनी खुर्चीच्या कडा आवळल्या. सगळं वजन पुढे गेल्यावर पट्ट्यांची मागची टोकं पायरीवरून उचलली आणि खुर्ची झुलायला लागली.

‘नको! नको रे बाबांनो! मागे घ्या!’

मागे घेतली. काकूंचा चेहरा घामाने भिजला होता. ‘माझंच चुकलं,’ त्या म्हणाल्या, ‘खुर्ची चांगली आहे. मीच नाही चांगली.’

आम्ही सर्वांनी सरांकडे बघितलं. सर ‘निरीक्षण लिहा’ म्हणाले नाहीत. ते आत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आतून फक्त नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता.

पोतं भीत नाही. सर भीत नव्हते. एवढ्या वर्षांत आम्ही कधी भिणारं माणूस बसवून बघितलंच नव्हतं.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. ओंकारचं म्हणणं, मागे वजन बांधू, पट्टे लांबवू. दुसऱ्या दिवशी श्रद्धा एकटी पाखाडी चढून गेली. काकू पडवीत रातांबे फोडत बसल्या होत्या. हीपण विळी ओढून बसली. मी कॉलेजचं एक पाकीट सरांना द्यायला गेलो होतो, तेव्हा दोघींची बोटं लाल झालेली.

‘काकू, पडायची भीती वाटते ना तुम्हाला?’ श्रद्धाने विचारलं.

‘पडायची कसली गो? पडून झालं माझं.’ काकूंनी एक बी फेकली. ‘खाली दिसतं ना, त्याची भीती वाटते. समोर काहीच नाही, नुसतं खाली.’

‘आणि खाली दिसलंच नाही तर?’

‘डोळे बांधणार आहेस काय माझे?’

‘नाही. तुम्हाला उलटं बसवणार.’

मी दारातच थांबलो. ती पोरगी पुढे बोलतच राहिली, हात हलवून, रातांब्याचा रस सांडत. तोंड डोंगराकडे केलं तर खालचं काही दिसायचंच नाही. आणि त्या स्थितीत भ्यायलेलं माणूस पुढे झुकतं, म्हणजे डोंगराकडेच. वजन तिकडेच जायला हवं होतं. भीतीला घालवायची गरजच नव्हती, तिला कामाला लावता येत होतं. मी या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलंय. मला हे सुचलं नव्हतं, कारण मी काकूंना कधी विचारलं नव्हतं.

काकू म्हणाल्या, ‘बरं. पण मग मी बघू कुणाकडे?’

‘जो वरून ब्रेक धरील तो समोर असेल. ओंकार.’

‘त्या हत्तीवाल्याकडे? तो माझ्याहून जास्त घाबरतो. त्याचं तोंड बघून मी अर्ध्यात उडी मारीन.’ मग त्या आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाल्या, ‘यांना उभं करा.’

सर दारात आले. ‘मला नाही जमायचं. मी परीक्षक आहे.’

‘परीक्षक कॉलेजात. इथे तुम्ही घरचे.’

‘सुलभा, मी मुलांच्या कामाला हात लावत नाही. तुला माहीत आहे.’

श्रद्धा उठून उभी राहिली. ‘सर, तुम्ही ब्रेक धरणं हा डिझाइनचाच भाग आहे. तुम्ही नसलात तर आमची खुर्ची अपुरी आहे.’

सर तिच्याकडे बघत राहिले. असं उत्तर त्यांना कुठल्या तोंडी परीक्षेत मिळालं नसावं. ‘मापं बदला मग,’ एवढंच म्हणाले.

दोघांनी वर्कशॉपात रात्रीचा दिवस केला. बैठक फिरवली, पाठ उंच केली, कमरेला पट्टा दिला, ब्रेकचा दांडा सरांच्या उंचीला आणला. त्यासाठी श्रद्धाने सरांना भिंतीला टेकून उभं केलं आणि त्यांच्याच खिशातली पट्टी मागून घेतली. सरांनी दिली.

सकाळी ऊन कोवळं असताना उतरायचं ठरलं. खाली मी रिक्षा सांगून ठेवली होती. आबा आपल्या ओट्यावर चहाचा कप घेऊन बसले होते, पण चहा पीत नव्हते. काकू घराकडे तोंड करून बसल्या. ओंकार आणि मी खालच्या बाजूला, हात पुढे करून, खुर्चीला न शिवता. श्रद्धा बाजूने. वर सर, दोन्ही मुठींत दांडा.

खुर्ची काठावर आली. काकूंनी ‘आई गो’ केलं आणि त्या पुढे झुकल्या. पट्टे पायरीवर घट्ट बसले.

‘पट्टे बसले सर,’ श्रद्धा म्हणाली. ‘सोडा हळूहळू.’

एक पायरी. दुसरी. मी खालून बघत होतो, मला फक्त काकूंच्या खुर्चीची पाठ आणि तिच्यावर सरांचा चेहरा दिसत होता. सर काकूंकडे बघत होते. दुसरीकडे बघायला त्यांना जागाच नव्हती.

‘केस किती पिकले हो तुमचे,’ काकू म्हणाल्या.

‘बोलू नकोस. खाली बघू नकोस.’

‘खाली कुठे दिसतंय? जिथे बघावं तिथे तुम्हीच.’

मध्ये एका ठिकाणी ब्रेक चिकटला. खुर्ची थांबली. काकूंनी डोळे मिटले. ओंकार दबक्या आवाजात देवाचं नाव घ्यायला लागला. सरांनी श्रद्धाकडे बघितलं आणि विचारलं, ‘आता काय करू?’

स्वतःला उत्तर माहीत नसलेला प्रश्न सरांना विद्यार्थ्याला विचारताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

‘किंचित मागे ओढा आणि मग सोडा,’ ती म्हणाली. त्यांनी तसं केलं. खुर्ची निघाली.

त्या सिमेंटच्या पायरीवरून खुर्ची रस्त्यावर टेकली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आबांनी वरून कप उंच केला. काकू पायाखालच्या डांबराकडे बघत होत्या. मग त्यांनी चप्पल काढली आणि पाऊल उघडं टेकवलं.

सरांनी दांडा सोडला, हात रुमालाने पुसले आणि ते श्रद्धाकडे वळले. ‘ब्रेक का चिकटला?’

‘सर, जांभ्याची तांबडी धूळ आत जाते. वरून झाकण हवं होतं.’

‘मग का नाही केलंत?’

‘सुचलं नाही सर.’

‘त्याचे गुण जातील.’

‘सोडा हो पोरांना!’ काकू कळवळून म्हणाल्या. पण श्रद्धा आणि ओंकार दोघंही हसत होते, आणि ओंकारचे डोळे वाहत होते. गुण गेले ते खरंच गेले. मी नंतर बघितलं.

काकूंना आम्ही रिक्षात बसवलं. सर त्यांच्या शेजारी. मी वॉकर घेऊन रिक्षावाल्याजवळ टेकलो. परतताना काकूंना तिच्यातूनच वर ओढून न्यायचं, म्हणून पोरं खुर्चीपाशी थांबली.

‘कुठे घेऊ?’ रिक्षावाल्याने विचारलं.

‘समुद्रावर,’ काकू म्हणाल्या.

‘मांडवीला घे,’ सर म्हणाले. मग जरा पुढे वाकून, अवघडत, ‘तिथे जेटीवर अजून जाऊ देतात ना? बसायला आहे काही? भेळवाले असतात का अजून?’

मी मागे वळून बघितलं. मांडवी सरांच्या घरापासून रिक्षाने कितीशी लांब? कॉलेजातून येता-जाता संध्याकाळी कुणीही चक्कर टाकतं. लग्नं, सहली, जेवणं सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. ती पडली तेव्हापासून हा माणूस कॉलेज आणि बाजार सोडून कुठे गेलेलाच नव्हता. तिला जिथे येता येत नव्हतं तिथे गेला नव्हता, आणि हे त्याने कुणाला सांगितलंही नव्हतं. काकूंनाही नसावं, कारण त्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

रिक्षावाला आरशात बघून हसला. ‘काय साहेब, रत्नागिरीत नवीन काय?’

‘हो,’ सर म्हणाले. ‘आम्ही दोघंही.’